दोन बाजूंची शिळा: एका चित्ररथाचं तीन वर्षांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावची शिवजयंती वैशाखात येते. फेब्रुवारीतली तारीख महाराष्ट्र सरकारची, आमची तिथी वैशाख शुद्ध द्वितीया. जन्मोत्सव झाला की त्यानंतरच्या एका संध्याकाळी चित्ररथांची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. नरगुंदकर भावे चौक, मारुती गल्ली, रामदेव गल्ली अशा वाटेनं एकामागून एक ट्रॅक्टर सरकत असतात. प्रत्येकाच्या ट्रॉलीवर शिवचरित्रातला एकेक प्रसंग उभा असतो. संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड केलेले असतात. ट्रॉलीवरची पोरं त्यावर ओठ हलवतात, तलवारी फिरवतात, मरतात आणि पुढच्या चौकात पुन्हा उठून उभी राहतात. आमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या तोंडाला पहिला रंग लागतो तो याच ट्रॉलीवर.

ज्या मंडळाची ही हकिकत आहे ते शहापूर-वडगाव भागातलं. गल्लीत अजून काही घरांत माग चालतात. विणकाम सोडून सेंट्रिंगला, गाड्यांच्या शोरूमला किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरंही त्याच घरांतली. मंडळाचं आणि माणसांचं नाव मी देत नाही, ओळखीच्या एकदोन खुणाही बदलल्या आहेत. मी स्वतः निवृत्त चित्रकला शिक्षक. एके काळी मंडळाचा अध्यक्ष होतो, आता सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे ज्याला बैठकीत चहा सगळ्यांच्या आधी मिळतो आणि मत सगळ्यांच्या शेवटी विचारतात.

अडचण

कोविडच्या खंडानंतर मिरवणूक पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळ्याच मंडळांना घाई होती. आम्ही अफझलखानाचा वध घेतला. पंधरा दिवसांत शामियाना उभा केला, ड्रेपरी भाड्यानं आणली, आवाजाची सीडी एका जुन्या मित्राकडून मिळाली. मिरवणुकीत आमच्या पुढे दोन मंडळं सोडून एकाचा अफझलखानवध, त्याच्याही पुढे आणखी एकाचा. मारुती गल्लीत पायरीवर बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हे खान आज तिसऱ्यांदा मरूलाय बघ." ट्रॉलीवरच्या पोरांनी ते ऐकलं. खान झालेला पोरगा मेल्यावर हसत होता, हे व्हिडिओत दिसतं.

पंधरा दिवसांनी हिशेबाची बैठक झाली. चिटणीस म्हणाला, पुढच्या वर्षी लवकर सुरुवात करायची. सगळ्यांनी मान डोलावली. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आलो आहे. लवकर सुरुवात म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. गुढीपाडव्याला विषय ठरतो, मग सुतार शोधायचा, मग वेल्डर मिळत नाही. वेळ कमी पडतो हे खरं, पण मला वाटतं मूळ दुखणं वेगळं होतं. आमच्याकडे विषय एकाच बैठकीत ठरायचा, आणि त्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचा विषय. हळू आवाजाचं माणूस काही सुचवायला लागलं की "ते नको गा, लोकांना कळणार नाही" असं म्हणून कुणीतरी ते तिथल्या तिथं मिटवायचं. सुचलेली गोष्ट दुसरा दिवस बघायचीच नाही.

समोरचे मार्ग

त्या उन्हाळ्यात तीन मार्गांवर बोलणं झालं.

पहिला, पैसे टाकून बाहेरून तयार देखावा आणणं. कोल्हापूरकडून कलाकार मिळतात, हलत्या मूर्ती मिळतात. खर्च वाढतो, पण नाव होतं. खजिनदाराचा कल इकडे होता, कारण मोठा देखावा म्हटलं की बाजारातले व्यापारी वर्गणीची पावती मोठी फाडतात.

दुसरा मार्ग माझा होता. गल्लीतल्या पोरापोरींची एक स्पर्धा घ्यायची, चांगली कल्पना एका दिवसात निवडायची आणि दसऱ्यापासून कामाला लागायचं. शिक्षकाला सगळं स्पर्धेनंच सुटतं असं वाटतं.

तिसरा मार्ग एका विणकर आजोबांनी मांडला. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते बैठकीला येत नाहीत. मंडळाची खोली त्यांच्या मागाच्या शेडला लागून आहे, म्हणून सगळं त्यांना ऐकू जातं. ते दारात येऊन म्हणाले, "एक वर्ष रथच नको. पालखी काढा. नव्या डिझाइनची साडी मागावर चढवायची तर आधी ग्राफवर किती दिवस जातात, विचारा की मला."

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाला, "खरं पालखीला पाचशे रुपये कोण देणार?" आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. प्रश्न रास्तच होता. वर्षभर रथ नाही म्हणजे वर्गणी नाही, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हाताला काही नाही. त्यांनी मंडळ सोडून दुसऱ्या गल्लीत का जाऊ नये?

निर्णय त्या रात्री झाला नाही, तीन बैठका लागल्या. शेवटी अण्णांचं मान्य झालं. त्याचं एक कारण हेही होतं की आधीच्या वर्षाचं देणं अजून फिटलं नव्हतं. पुढं लोकांना सांगताना आम्ही 'कल्पनेला वेळ दिला' असं म्हणायला लागलो. अर्धं श्रेय उधारीला द्यायला हवं.

वही

ठरलं ते इतकंच: मंडळाच्या खोलीत दोनशे पानी एक लांब वही दोरीनं बांधून ठेवायची. कुणीही येऊन काहीही लिहावं. खोडायचं नाही. आणि कुठल्याही कल्पनेला आठ दिवस 'नको' म्हणायचं नाही. आठ दिवसांनंतर म्हणायचं असेल तर तेही वहीतच लिहायचं, कारणासकट.

पहिल्या महिन्यात वहीत क्रिकेटचे स्कोअर होते. कुणीतरी माझं व्यंगचित्रही काढलं. बरं होतं, नाक सोडून. श्रावणात खऱ्या नोंदी सुरू झाल्या आणि त्यातल्या पहिल्या चांगल्या नोंदी मुलींच्या होत्या. हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बैठका रात्री दहाला, जेवणं आटोपल्यावर होत. मुली आरतीला येत, बैठकीला नाही. दुपारी चार वाजता खोली उघडी असते आणि तिथं वही असते म्हटल्यावर त्या येऊ लागल्या.

बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं: महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र दाखवावं. रयतेच्या भाजीच्या देठालासुद्धा मन लावू नये, ज्या कुळाकडे बैल-बियाणं नाही त्याला ते पुरवावं, वसुली त्याच्या सवडीनं करावी, असं सांगणारं ते पत्र. तिच्या रथात महाराज नव्हतेच. एक भाजीचा बाजार, पत्र वाचून दाखवणारा एक कारकून आणि ऐकणारी माणसं. शेवटी तिनं लिहिलं होतं, "महाराज न दिसता दिसले पाहिजेत."

आठ दिवसांनंतर खाली चार जणांची कारणं आली. पत्र ट्रॉलीवर कसं दाखवणार? हालचाल कुठाय? एकानं लिहिलं, शिवजयंतीला महाराज नाहीत तर मग आम्ही नाचायचं कुणापुढं? कारणं चुकीची नव्हती आणि ती कल्पना तशीच्या तशी पुढं गेली नाही. पण वहीत राहिली. दिवाळीपर्यंत तीन वेगवेगळ्या अक्षरांत "न दिसता दिसले" हे शब्द दुसऱ्या कल्पनांखाली उमटलेले सापडले. एका बैठकीत मिटवली असती, तर ती ओळ तिच्या मनातच राहिली असती.

कन्नडमधली एक ओळ

गल्लीत भाड्यानं राहणारे एक कन्नड शिक्षक आहेत, मूळचे बैलहोंगलकडचे. त्यांचा मुलगा आमच्या झांजपथकात. ऑक्टोबरात मुलाच्या परीक्षा होत्या, म्हणून सर "आवाज थोडा कमी करा" असं सांगायला आले. दोरीला बांधलेली वही बघून हे काय म्हणून विचारलं. कळल्यावर हसले आणि जाता जाता कन्नडमध्ये एक ओळ लिहून गेले.

मोठ्यांपैकी कुणालाच ती वाचता येईना. आठवीतल्या पोरानं वाचली. आमची पोरं शाळेत कन्नड शिकतात. ओळ होती, "बेळवडी मल्लम्मा आणि यादवाडची शिळा. बघितली आहे का?"

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण मोहिमेवरून परतताना, १६७८च्या सुमारास, मराठी फौजेची आजच्या बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीच्या देसाईणीशी लढाई झाली. मराठी बखरीत तिचं नाव सावित्री येतं आणि २७ दिवसांच्या झुंजीचा उल्लेख येतो. कन्नड परंपरेत ती मल्लम्मा, स्त्रियांची फौज उभी करणारी. राजापूरच्या इंग्रज वखारीतून त्या फेब्रुवारीत गेलेल्या पत्रातही, एवढी राज्यं जिंकलेल्या शिवाजीला ही देसाईण आवरत नाही, अशा अर्थाचा खोचक मजकूर आहे. शेवट मात्र एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. धारवाडजवळच्या यादवाडला एक कोरीव शिळा आहे. तिच्यावर महाराज बसलेले, मांडीवर मल्लम्माचं मूल, हातात दुधाची वाटी आणि समोर ती स्वतः, असं परंपरेनं सांगितलं जातं.

वहीतली ही ओळ कळली त्या रात्री खोलीत आवाज चढले. महाराजांविरुद्ध लढलेल्या बाईचा रथ, तोही शिवजयंतीला, तोही एका कन्नड माणसानं सुचवलेला? १९५६पासून सीमावादापायी या शहरात काय काय झालंय ते ठाऊक असलेल्याला त्या आवाजांचं नवल वाटणार नाही. त्यात तो महिना ऑक्टोबर. १ नोव्हेंबरला एका रस्त्यानं राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्यानं काळ्या दिनाची फेरी. त्या आठवड्यात वहीत एकही नोंद नाही.

पण आठ दिवसांचा नियम होता. त्याच दिवशी 'नको' म्हणता येत नव्हतं. सगळ्यात तापलेला माणूस, मंडळाचा माजी उपाध्यक्ष, सार्वजनिक वाचनालयात जाऊन बखर काढून बसला. १८४८ सालचं वाचनालय ते, त्याच्यासारखे तापलेले वाचक त्यानं पुष्कळ पाहिले असतील. तो परत आला तो विरोध घेऊनच, पण वेगळा. वहीत त्यानं लिहिलं, "बाई लढली हे आपल्याच बखरीत आहे. लपवायचं कारण नाही. मात्र शेवट कुठला दाखवणार ते आधी सांगा." आम्हाला मिळालेला हा सगळ्यात कामाचा आक्षेप. पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती झालं.

डिसेंबरात एका रविवारी आठ जण यादवाडला गेलो. सर होते, माजी उपाध्यक्ष होता, पत्राची कल्पना लिहिणारी मुलगी आणि तिची मैत्रीण होती. मी रेखाटनं केली. फोटोत जे ठळक वाटत होतं ते समोर उभं राहिल्यावर तितकं ठळक वाटेना. बाई वाकली आहे की ताठ उभी आहे, यावर उपाध्यक्ष आणि सर तासभर वाद घालत बसले, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. परतीच्या वाटेवर धारवाडला पेढे घेतले. गाडीत मागं बसलेली ती मुलगी म्हणाली, "काका, ज्यानं हा दगड कोरला त्यालाबी हेच भांडण पडलं असणार की. काय कोरायचं?"

मग रथाचा विषय लढाई राहिला नाही, शेवटही राहिला नाही. विषय झाला शिळा कोरणारी माणसं. दोन पाथरवट, त्यांच्या भोवती गावच्या बायका, आणि काय कोरायचं याचा वाद. महाराज फक्त दगडात. उपाध्यक्षाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, कुठलाच एक शेवट खरा म्हणून न सांगता.

वर्षभर नुसती पालखी

त्या वैशाखात आम्ही पालखी काढली. लेझीम, झांज, भगवा आणि पालखी. वर्गणी निम्म्यावर आली. बारा पोरं दुसऱ्या मंडळांत गेली. त्यातला एक आधीची तीन वर्षं महाराज व्हायचा. उंच, नाकेला, दाढी स्वतःची. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

रस्त्याला दोन कडा

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ द्यायला अण्णांकडे गेलो होतो. ते मागावरून उतरून साडीचा पदर उलटा करून बघत होते. मी रथाचं रेखाटन दाखवलं: ट्रॉलीच्या मागच्या कडेला शिळा, पुढे माणसं. त्यांनी कागद उलटा केला. मागं कोरा.

"रस्त्याला दोन कडा असतात," ते म्हणाले. "तुमच्या रथाला तोंड एकच. पलीकडच्या बाजूला उभं राहिलेल्यांनी काय प्लायवूड बघायचं?"

चाळीस वर्षं मिरवणूक बघतो आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. प्रत्येक रथाची एक बाजू चुकीची असते आणि त्या बाजूला उभे असलेले लोक मान वळवून पुढचा रथ बघतात. शिळा ट्रॉलीच्या मधोमध, लांबीला उभी करायची ठरली. एका अंगाला अर्धवट कोरलेला दगड, पाथरवट आणि बायका. दुसऱ्या अंगाला पूर्ण झालेलं शिल्प, पुढे एक समई आणि पाळणा हलवणारी एकच बाई. या बाजूच्याला प्रश्न दिसणार, त्या बाजूच्याला उत्तर. दोन्ही बघायचं असेल तर रस्ता ओलांडावा लागणार.

शिळा फिरती ठेवण्याची टूम एका वेल्डर पोरानं काढली होती. महिनाभर त्यानं बेअरिंग शोधली. गतिरोधकावर ट्रॉली कलते तेव्हा दहा फुटी सांगाडा एका अंगाला ओढ घेतो, हे चाचणीत दिसल्यावर त्यानं ती स्वतःच सोडली. सांगाडा लोखंडी पट्ट्यांचा, वर प्लास्टरमध्ये भिजवलेलं गोणपाट. रात्री अकराला ट्रॅक्टर जोडून गल्लीतून चक्कर मारली तर वरचा काठ विजेच्या तारेला टेकायला आला. वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळेवर, असतात तसे चंद्र-सूर्य आम्ही आमच्या मनानं वर कोरले होते, ते कापले. एका मुलीनं ते खाली पायथ्याशी चिकटवले. ते तिथं का आहेत, हे नंतर पुष्कळांनी विचारलं.

ओवीतला एक शब्द

आवाजाचं ठरत नव्हतं. रेकॉर्डिंग नको, यावर सगळे एक झाले होते. दगड कोरायच्या टाकीचा खरा आवाज आणि गाणं हवं होतं. सरांच्या आईनं कन्नड जोगुळ, म्हणजे अंगाईगीत, म्हणायचं आणि आमच्या गल्लीतल्या आक्कांनी ओवी. आक्का जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या शेवटच्या बायकांपैकी. त्यांनी महिनाभर काही दिलं नाही. "येऊ दे की गा, ओवी काय नळाचं पाणी हाय?" मार्च संपता संपता एका संध्याकाळी त्यांनी म्हणून दाखवली:

टाकी बाई टाकी बोले, दगडाला फुटे पान्हा
वैऱ्याच्या मांडीवरी दूध पितो माझा तान्हा

खोलीत कुणी हललं नाही. मग चिटणीस हळूच म्हणाला, "आक्का, 'वैऱ्याच्या' नको. महाराजांना वैरी कसं म्हणायचं?"

पुन्हा आठ दिवस. 'राजाच्या' असा पर्याय आला, 'परक्याच्या' असाही आला. मल्लम्माच्या तोंडी 'वैरी'च बसतं आणि तोच शब्द पुढच्या दुधाला वजन देतो, असं माझं मत होतं. पण मिरवणुकीत हजारो लोक असतात आणि अर्धी ओळ ऐकून भडकणारा एकच पुरतो, हे चिटणिसाचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी 'राजाच्या' ठरलं. आक्का काही बोलल्या नाहीत.

मिरवणुकीची रात्र

आमचा नंबर उशिरा लागला. मोठ्या चौकात पोचलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. पुढच्या रथाचा आणि मागच्या रथाचा आवाज इतका की टाकी ऐकू येणं शक्यच नव्हतं; पाथरवट झालेली पोरं मुक्यानं हात चालवत होती. मंचावरच्या पाहुण्यांना फक्त एक बाजू दिसली. "महाराज कुठं आहेत?" असं ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी चेष्टेनं विचारलं. बक्षीस मिळालं नाही.

गल्ल्यांत वेगळं झालं. अरुंद जागेत आवाज थोडा मागं राहिला तेव्हा टाकी ऐकू आली. एका ठिकाणी पायऱ्यांवर बसलेल्या बायकांनी ट्रॅक्टर थांबवायला लावला. त्यातल्या चारजणी उठून पलीकडे गेल्या, शिल्प बघितलं आणि परत येऊन बसल्या. रस्ता ओलांडून बघणारी मी पाहिलेली ती पहिली माणसं. पहाटेपर्यंत आणखी बरेच जण तसे गेले-आले. पोलिसांनी दोनदा रागवून बाजूला केलं. एका वळणावर सरांच्या आईंचा आवाज बसला तेव्हा आक्कांनी तीच चाल मराठीत पुढं नेली.

आणि आक्कांनी चौकात 'राजाच्या' म्हटलं, गल्ल्यांत मात्र 'वैऱ्याच्या'. मी ट्रॉलीच्या मागं चालत होतो, मला स्पष्ट ऐकू येत होतं. कुणी भडकलं नाही. सकाळी विचारलं तर म्हणाल्या, "चौकात चौकातलं, दारात दारातलं."

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक त्या तीन वर्षं महाराज झालेल्या पोराच्या बाबतीत झाली. रथात महाराज दगडात असणार, हे यादवाडहून येताना गाडीतच ठरल्यासारखं झालं. त्याला ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. वही सगळ्यांना खुली होती, असं आम्ही स्वतःला समजावत राहिलो. पण त्याची नोकरी दुपार-पाळीची; वही उघडी असायची तेव्हा तो कारखान्यात, बैठक असायची तेव्हा वाटेत. मुलींची सोय झाली त्या वेळेनंच त्याची गैरसोय झाली. त्याच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायला हवं होतं आणि ते माझं काम होतं. पाथरवटाचं काम त्याला देता आलं असतं. त्याचे हात चांगले आहेत. मी गेलो तो मिरवणुकीच्या आठ दिवस आधी, निमंत्रण घेऊन. त्यानं चहा दिला. म्हणाला, "सर, तिकडं यंदा आग्र्याहून सुटका हाय. मी पेटाऱ्यात नाही, बाहेर उभा हाय." त्याच्या मंडळाला दुसरं बक्षीस मिळालं.

दुसरी चूक नावांची. रथाच्या फलकावर कुणाचंच नाव नको, असं अण्णा म्हणाले. साडीवर विणकराचं नाव नसतं, हा त्यांचा मुद्दा मला तेव्हा फार उदात्त वाटला. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या बातमीत संकल्पना म्हणून माझं नाव आलं, कारण बातमीदार माझा विद्यार्थी. "न दिसता दिसले" लिहिणाऱ्या मुलीनं ते वाचलं आणि मला काही म्हणाली नाही. मी खुलासा पाठवला, तो छापून आला नाही. ज्याला आधीच नाव आहे त्याला नाव नको म्हणणं सोपं जातं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आता वहीत प्रत्येक नोंदीखाली नाव आणि तारीख लिहायची असं ठरलं आहे.

आठ दिवसांचा नियम मी पुन्हा तसाच ठेवेन. पण 'नको' म्हणायला कमाल मुदतही ठेवेन. काही कल्पना वहीत सहा महिने लोंबकळत राहिल्या, कारण कुणाला वाईट वाटायला नको म्हणून कारण लिहिलंच गेलं नाही. हलत्या गलबताची कल्पना काढणारा एक पोरगा फेब्रुवारीपर्यंत वाट बघत होता. त्याला दसऱ्यालाच सांगायला हवं होतं.

आणि आवाज. टाकी ऐकू येणार नाही हे आम्हाला माहीत होतं. तरी रेकॉर्डिंग नको या हट्टापायी साधा माइकही शिळेत बसवला नाही. वेल्डर पोरानं सुचवलं होतं, वहीत आहे, पान ११२. खाली माझ्याच अक्षरात "नको, कृत्रिम वाटेल" असं लिहिलेलं आहे.

शिळा सध्या अण्णांच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. मागाच्या कापसाची धूळ बसून पूर्ण झालेली बाजू पांढरी पडली आहे. पुढच्या वैशाखात हीच शिळा पुन्हा काढायची, माइक बसवून आणि नंबर लवकर मागून, की नवी कल्पना, यावर वहीत नऊ नोंदी आहेत. एक कन्नडमध्ये आहे. एक त्या नाकेल्या पोराची आहे. रविवारी दुपारी येऊन लिहून गेला. आठ दिवस व्हायचे आहेत.